जुन्या गावठाणातली स्टेशन वॅगन

आमच्या घरात माणसं सहा. त्यातल्या दोघी म्हाताऱ्या आणि दोघींनाही खिडकीच लागते. एक माझी आई, दुसऱ्या माझ्या सासूबाई. बाकी मी, बायको सुनंदा आणि दोन मुली. तीन रांगांच्या गाड्या बघायला सगळे मिळून शोरूममध्ये गेलो, तर तिसऱ्या रांगेत आईचे गुडघे हनुवटीला टेकले. "ही गाडी हाय का कोंबड्यांचं खुराडं," असं ती सेल्समनला म्हणाली. तो बिचारा हसला आणि म्हणाला, "आजी, ती सीट लहान मुलांसाठी असते." आई म्हणाली, "मग आमची लहान मुलं मोठी झाल्यावर कुठं टाकायची?"

त्यात बार्शी रोडला मी थोडं रान घेतलंय. काळी जमीन. दोन सरी पडल्या की साधी गाडी बांधावरच उभी राहते आणि दोन्ही म्हाताऱ्यांना चिखलातून हाताला धरून न्यावं लागतं. म्हणून डोक्यात आली ती जुनी स्टेशन वॅगन. जीपच्या घराण्यातली, पण लांब. पत्र्याचं छप्पर, मागं समोरासमोर दोन बाकडी, चारही चाकांना ताकद. माझ्या लहानपणी अशी गाडी धरणाच्या साहेबांकडं असायची. ती फाट्यावर थांबली की आम्ही पोरं नुसता तिचा पत्रा हातानं चाचपून यायचो. आता शोधायला निघालात तर कळतं, बहुतेकांची इंजिनं बदललीत, छपरं कापलीत, उरलेल्या भंगारात गेल्यात. मला मूळ इंजिनाची हवी होती आणि रोज वापरायला हवी होती. लग्नात फुलं लावून फिरवायला नव्हे.

माझा धंदा पाण्याच्या मोटारींचा. दुसऱ्याच्या दुकानात तार गुंडाळण्यापासून सुरुवात केली, आज सोलापुरात स्वतःचं दुकान आहे. स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटारीला आणि मूठ कानाला लावली की कुठलं बेअरिंग गेलंय ते मी सांगतो. गिऱ्हाईकं म्हणतात, शेठ कानानं पैसे कमावतात. मलाही ते ऐकायला बरं वाटायचं.

तर ओळखीच्यांकडून दोन पत्ते मिळाले. एक मुरुमचा, एक सास्तूरच्या पुढचा. सकाळी लवकर घर सोडलं. तुळजापूरपर्यंतचा रस्ता झकास आहे, चहा प्यायच्या आत पोचल्यासारखं वाटतं. मंगळवार आणि शुक्रवार सोडून गेलात तर दर्शन निवांत होतं. महाद्वाराच्या अलीकडं पार्किंगची पावती घ्या आणि "मालक, इथं लावा, फुकट हाय" म्हणणाऱ्या पोरांकडं बघू नका. पुढं नळदुर्गवरून हायवे धरला. रस्ता चांगला, ट्रक भरपूर. ढाब्यावर ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि पिठलं खाल्लं. तेवढ्यात पोट भरतं आणि खिसाही फार हलका होत नाही.

मुरुमला बाजारात एक आडत दुकान गाठलं. गादीवर दोघं भाऊ बसलेले. मी गाडीचं विचारताच धाकटा थोरल्याकडं वळून कन्नडमध्ये हळूच म्हणाला, "एष्ट हेळली इवरिगे?" म्हणजे, यांना किती सांगू? थोरला म्हणाला, "नोडी हेळ." माणूस बघून सांग. आता सोलापूरच्या माणसासमोर कन्नडात कुजबुजणं म्हणजे त्याला चिठ्ठी वाचून दाखवण्यासारखंच. मी पण कन्नडातच म्हणालो, बघून झालं असेल तर सांगा. तिघंही हसलो, चहा आला, पण गाडी बघितली आणि हसू गेलं. छप्पर कापलेलं, इंजिन काढलेलं, बाकड्यांच्या जागी उसाचा चरखा. वॅगनची रसवंती झालेली. थोरला म्हणाला, "शेठ, रस तरी पिऊन जावा." प्यालो. आलं जरा जास्त होतं.

मुक्काम उमरग्याला केला. स्टँडजवळची लॉज, स्वच्छ चादर, गरम पाणी सकाळीच. वेटरनं विचारलं, उद्या कुठं. सास्तूरकडं म्हटल्यावर तो टेबल पुसायचा थांबला. "तिकडं चार दिवस झाले आवाज यायलाय म्हणं."

"कसला आवाज?"

"जमिनीतनं. येतोय अधूनमधून. काय हुत न्हाय त्यानं." आणि पुन्हा पुसायला लागला.

दुसऱ्या दिवशी हायवे सोडून लोहाऱ्याच्या बाजूनं आत शिरलो. रस्ता अरुंद, मधूनमधून उखडलेला, दोन्हीकडं तूर. सास्तूर मोठं गाव आहे, भूकंपानंतर नव्यानं वसलेलं. दुकानं आहेत, पंक्चरवाला आहे, चहा मिळतो. मला जायचं होतं ते गाव त्याच्या पुढं. त्याचं नाव लिहीत नाही, तिथल्या माणसांना ते आवडणार नाही.

पोचलो तेव्हा दुपार टळत आली होती. नवं गाव म्हणजे पट्टीनं आखल्यासारख्या गल्ल्या, एकसारखी घरं, मोठाली अंगणं. प्रत्येक घराचं दार सताड उघडं, आणि आवाज कसलाच नाही. कुत्रं नाही, रेडिओ नाही. एका गल्लीत तीन माणसं एक टेम्पो ढकलत होती. बॅटरी उतरली असेल म्हणून मी खाली उतरून खांदा लावला. टेम्पो चांगला मोठ्या रस्त्यापर्यंत आल्यावर त्यातला एक आत बसला आणि चावी फिरवताच इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं.

"बॅटरी तर चांगली आहे की," मी म्हणालो.

"चांगली हाय. गल्लीत चालू करत न्हाय आमी." तो म्हणाला. "घरात कुणी झोपलेलं असलं तर न्हायच."

त्याचा आवाज अगदी साधा होता. चपला घालून देवघरात जात नाही, असं सांगावं तसा.

ज्यांच्याकडं गाडी होती त्यांना गाव आप्पा म्हणतं. वय सत्तरीच्या पुढं, गळ्यात लिंग, अंगात पांढरा सदरा. एकेकाळी शेंगा आणि तुरीचा व्यापार करायचे. त्यांचा मुलगा बसवराज, चाळिशीला आलेला, लोहाऱ्यात खताच्या दुकानात बसतो. गाडी विकायची आहे हा निरोप त्याचाच होता. मी ओट्यावर बसलो, पाणी आलं, चहा आला. आत फळीवर स्टीलचे पेले एकावर एक असे रचलेले होते की बोट लागलं तरी कोसळतील; भुई हलली की आधी तेच वाजणार. बसवराजची बायको त्या पेल्यांसमोरून जाताना पदर सावरून जायची.

"पावणं, गाडी चालवायला पायजे का ठेवायला?" आप्पांनी विचारलं.

"चालवायला. घरात सहा माणसं आहेत."

"समदी एकाच घरात झोपत्यात?"

असा प्रश्न गाडी विकणाऱ्यानं मला कधी विचारलेला नव्हता. मी होय म्हणालो. आप्पांनी मान हलवली आणि काठी घेतली.

गाडी नव्या गावात नव्हती. जुन्या गावठाणात होती. पायवाटेनं चालत गेलो. ज्यांनी जुनं गावठाण बघितलं नसेल त्यांना सांगतो, तिथं पडकी घरं नसतात. काहीच नसतं. दगड उचलून नेलेले, माती सपाट झालेली, वर बाभळी. पण पायाखाली चालताना कळत राहतं. इथं उंबरा होता, इथं न्हाणी होती. चार पायऱ्या वर जातात आणि संपतात. आप्पा सरळ रेषेत चालत नव्हते. ते वळणं घेत होते. मोकळ्या माळावर, काही आडवं नसताना, डावीकडं, मग उजवीकडं. बसवराजही त्यांच्यामागं तसाच वळत होता. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, ते जुन्या बोळांतूनच चालले होते. मग मीही सरळ चालायचं टाळलं. कुणाच्या तरी भिंतीतून गेल्यासारखं वाटायला लागलं होतं.

पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी होती. मी आजवर बघितलेल्या सगळ्यांत देखणी. निळा रंग फिका झालेला, पण गंज नाही. मूळ पेट्रोल इंजिन, नंबर कागदाशी जुळणारा. मागची बाकडी जशीच्या तशी, रेक्झिन तेवढं नवं. पुढच्या दोन चाकांना ताकद देणारी छोटी दांडी मी ओढली, ती लोण्यासारखी बसली. बॉनेटवर मात्र एक मोठा पोचा होता, कुणी मुद्दाम सरळ न केलेला.

"भिंत पडली हुती," आप्पा म्हणाले. "म्या आत झोपलो हुतो. त्या बाकड्यावर."

मग त्यांनी सांगितलं, उभ्याउभ्याच, काठी टेकवून. भूकंप झाला ती विसर्जनाची रात्र. गावातल्या लोकांना त्यांनी गाडीतून ने-आण केली होती. परतायला उशीर झाला, पहाटे पुन्हा माल घेऊन बाजाराला निघायचं होतं. लेकरांची झोप मोडू नये म्हणून ते गाडीतच आडवे झाले. गाडी अंगणात, घर इथं. त्यांनी काठीनं समोरची जमीन दाखवली. घरात त्यांची बायको महादेवी, थोरली मुलगी आणि सहा वर्षांचा बसू. बसू तेवढा दुसऱ्या दिवशी मलब्यातून जिवंत निघाला.

"काढल्यावर त्यानं येकच सांगितलं," आप्पा म्हणाले. "सांग रं."

बसवराज खाली बघत होता. हे वाक्य त्यानं किती जणांसमोर म्हटलं असेल कोण जाणे. "मला आवाजानं जाग आली. म्या आईला हलवलं. आई म्हणली, आप्पा गाडी काढायलेत, झोप."

वारा नव्हता तरी पत्रा कुठंतरी किंचित वाजला.

"पर म्या चावी लावलीच नव्हती," आप्पा म्हणाले. "झोपलो हुतो म्या. आता लोक म्हणले, लेकरू घाबरल्यालं, काय बी बोललं. आसंल. मला येवढंच पायजे, ह्या गाडीचा आवाज आन् त्यो आवाज येकच हाय का. येकच आसंल तर ती न भिता गेली. माझी गाडी समजून गेली. न्हायतर…" ते थांबले. "गाडी बघाया लई जण आले. समदे म्हणले, व्हय आप्पा, सेम. गाडी पायजे हुती त्यास्नी. तुमी कानाचं काम करता म्हणं. तुमी सांगा."

खरं सांगतो, धंदेवाला माणूस आहे मी. काय बोललं की गाडी मिळते ते मला लगेच कळलं होतं. पण म्हातारा माझ्या तोंडाकडं बघत नव्हता, कानाकडं बघत होता. मी म्हणालो, "आप्पा, जमिनीतला तो आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही. न ऐकता कसं सांगू? आणि गाडीचं म्हणाल तर पेट्रोल इंजिन आहे, त्याला ठेका असतो, टिकटिक असते. माझ्यासारखा माणूस झोपेतही ओळखेल."

आप्पांना राग येईल असं वाटलं होतं. ते म्हणाले, "मग झोपा की."

"म्हणजे?"

"उभ्यानं काय कळतंय. बसूच्या आईच्या जाग्यावर झोपा. कान भुईला लावा. बसू गाडी चालू करंल."

बसवराजनं शेडमधून एक गोणपाट आणलं आणि त्या सपाट जमिनीवर पसरलं. बरोबर कुठं, हे त्यानं विचारलं नाही. दिवस कलायला लागला होता. मी कुशीवर झोपलो, उजवा कान खाली, तोंड बाभळींकडं, गाडी पाठीमागं. माती अजून गरम होती. मोटारीला कान लावताना मी डोळे मिटतो, तसे मिटले. जमीन अगदी गप्प होती. डोकावल्यावर विहीर जशी गप्प असते तशी.

मग आवाज सुरू झाला.

आधी ओढल्यासारखा, सेल्फ जड असला की इंजिन जसं कण्हतं तसा. मग भरला आणि एका लयीत चालू राहिला. टिकटिक ऐकू येत नव्हती, पण ती नसणारच, मातीतून बारीक आवाज येतच नाहीत. येतो तो फक्त थरथराट, चॅसीमधून उतरणारा. इंजिन ज्यावर टेकतं त्यातलं एक रबर दबलंय हेही माझ्या ध्यानात आलं. डावीकडचं. बदलायला लागेल, मी मनाशी म्हणालो. मी हात वर केला.

"बास. बंद करा. कळलं मला."

आवाज थांबला. मी उठून कपडे झटकत वळलो.

बसवराज गाडीत नव्हता. शेडच्या बाहेर, माझ्यापासून चार हातांवर उभा होता. आप्पा त्याच्या बाजूला. दोघांचेही चेहरे मातीकडं होते. बाभळींवरचे सगळे पक्षी उठून वर गोल फिरत होते, आणि एकही ओरडत नव्हता. शेडचा पत्रा बारीक किणकिणत राहिला, मग तोही थांबला.

"शेठ," बसवराज म्हणाला आणि मूठ उघडून दाखवली. "चावी माझ्याकडंच हाय."

मी गाडीकडं गेलो. बॉनेटवर हात ठेवला. थंड. सायलेन्सरचं तोंड थंड. माझ्या अंगावर काटा आला तो आवाजानं नाही. मला रबरसुद्धा कळलं होतं, त्यानं आला. जे नव्हतंच त्यातला बिघाड मी ओळखला होता.

आप्पा गोणपाटाच्या कडेला खाली बसले. बसायला त्यांना वेळ लागला. मी आधार द्यायला गेलो तर त्यांनी हात हलवला. बराच वेळ ते जमिनीवर तळवा फिरवत राहिले. झोपलेल्याच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"बसू," ते म्हणाले, "खरं बोललास रं तू."

बसवराज गाडीमागं गेला आणि फडक्यानं मागची काच पुसायला लागला. काच स्वच्छच होती. आम्ही निघेपर्यंत तो ती पुसत होता.

व्यवहार तिथंच ठरला. किंमत लिहीत नाही. मी घासाघीस केली नाही एवढंच सांगतो, आणि मला ओळखणारे यावर विश्वास ठेवणार नाहीत. आप्पांची एकच अट होती, गाडी नव्या गावातून न्यायची नाही. कागदपत्रं करून पुढच्या आठवड्यात मिस्त्रीला घेऊन गेलो, तेव्हा बसवराजनं आम्हाला रानातल्या वाटेनं, ओढ्यातून बाहेर काढलं. चारही चाकं लावून ती ओढ्याचा चढ चढली तेव्हा मिस्त्री खूश झाला. आप्पा बांधावर उभे होते. गाडी सुरू झाल्यावर त्यांनी कानावर हात ठेवला नाही, मानही वळवली नाही. रोज ऐकलेलं गाणं ऐकावं तसे ऐकत होते.

अशी गाडी घेणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. जुन्या गाडीचं पुन्हा पासिंग करावं लागतं, त्याला वेळ जातो, तेव्हा कागद नीट असल्याशिवाय विसार देऊ नका. पेट्रोल भरपूर पिते. सुटे भाग सोलापुरात जुन्या बाजारात मिळतात, थोडं फिरावं लागतं. आणि हो, डावीकडचं रबर मी काढून बघितलं. चांगलं होतं.

घरी सगळ्यांना गाडी आवडली. आई एका बाकड्यावर, सासूबाई समोरच्या, दोघींना अख्खी खिडकी. पहिल्या फेरीला तुळजापूरला जाऊन आलो. फक्त मी एक नियम केला, सगळे आत बसल्याशिवाय चावी फिरवायची नाही. घरात कुणी राहिलेलं असताना ही गाडी चालू होणार नाही. सुनंदा म्हणाली, "गॅस आणायलासुद्धा आम्ही सगळ्यांनी यायचं का?" मी म्हणालो, गॅसला स्कूटर आहे. थोरलीनं नुकतंच लायसन काढलंय, तिला हा नियम अजिबात पटलेला नाही.

मागच्या रविवारी जेवण झाल्यावर हॉलमध्ये फरशीवर आडवा झालो होतो. उन्हाचे दिवस, गार फरशी, हात उशाला. डोळा लागतोय न लागतोय तोच खालून आवाज सुरू झाला. आधी ओढल्यासारखा, मग भरलेला. मी मनात म्हणालो, पोरीनं शेवटी गाडी काढलीच. आणि कूस बदलली.

कूस बदलल्यावर मी जागा झालो.

बाहेर आलो तर थोरली पायरीवर बसून फोन बघत होती. गाडी कापडाखाली झाकलेली. रस्ता रिकामा, ना ट्रक, ना टँकर. "आत्ता काही गेलं का इथून?" मी विचारलं. ती म्हणाली, "नाही बाबा. का?"

आत जाऊन आधी आईला हाताला धरून आणलं, मग सासूबाईंना. सुनंदाला हाक मारली, धाकटीला उठवलं. कापड काढलं, सगळी दारं उघडी ठेवली आणि सगळ्यांना आत बसवलं. मी पुढं बसलो. सुनंदानं माझ्याकडं बघितलं आणि कुठं जायचंय ते विचारायचं राहू दिलं.

थोड्या वेळानं आई म्हणाली, "चालू कर की मग."

"नको," मी म्हणालो. "जरा ऐकू दे."